आठ घरांचं सांडपाणी आणि खडीचा वाफा

नाशकात अंबड लिंक रोडकडच्या आमच्या रो-हाऊसच्या रांगेतलं न्हाणीचं, कपड्यांचं, भांड्यांचं पाणी सरळ मागच्या नाल्यात जायचं. नाला नासर्डी नदीला, नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला आणि गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरला. तिथे गोदावरी-कादवा संगमावर गाळ साचून, पाणकणीस माजून जी पाणथळ झाली, ती २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन तिकडे पक्षी बघायला जायचं आणि वर्षभर साबणाचा फेसही तिकडेच धाडायचा, हे खुपत होतं. म्हणून मीटिंगमध्ये रूट झोनचा, म्हणजे झाडांच्या मुळांच्या थरातून सांडपाणी शुद्ध करायच्या पद्धतीचा, विषय काढला. खडी भरलेल्या वाफ्यात पाणवनस्पती लावायच्या आणि सांडपाणी त्यातून संथपणे जाऊ द्यायचं. जर्मनीत कॅथे झायडल यांनी १९५०च्या दशकात याचे प्रयोग सुरू केले, म्हणजे पद्धत काही नवी नाही.

पहिला प्रश्न अर्थातच डासांचा. पाणी खडीच्या वरच्या थराखालूनच वाहतं, डासाला अंडी घालायला उघडं पाणी मिळत नाही, हे सांगून झालं. त्याहून मोठा वाद पार्किंगच्या जागेचा. माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर लागतात. आम्ही तिसेक माणसं, म्हणून दहा बाय चार मीटरचा वाफा. शेवटी दोन स्कूटर हलल्या.

तळाला द्राक्षवाले शेततळ्यात वापरतात तो प्लॅस्टिकचा कागद अंथरला. नाशकात तो मिळवायला फिरावं लागत नाही. उतार अगदी हलका, गवंडीभाऊंनी पाण्याच्या नळीने लेव्हल काढली. त्यांचं एकच पालुपद होतं, "साहेब, झाडं लावायची तर दोन ट्रॉली काळी माती टाका ना!" मातीने वाफा चोंदतो. खरं काम करतो तो खडीवर धरणारा जिवाणूंचा बुळबुळीत थर. साबण-अन्नाचा मळ तोच खातो, मुळं त्याला थोडा प्राणवायू पुरवतात आणि जागा धरून ठेवतात. लोक कर्दळीच्या फुलांचे फोटो काढतात, खडीचे कोणी काढत नाही.

क्रशरची वीस एमएम खडी भुकटीने राखाडी होऊन आली. ती चाळून, पाइप मारून, पाणी नितळ निघेपर्यंत धुतली. या कामाला कोणी मजूर राजी नव्हता, आम्हीच धुतली. मग पाणकणीस, कर्दळ, वाळा आणि कडेला अळू. सुरुवातीला पाणी खडीच्या वरच्या थरापर्यंत ठेवलं आणि बाहेरच्या पाइपचा एल्बो, म्हणजे वाकडा जोड, थोडा थोडा वळवून पातळी खाली आणली, म्हणजे मुळं पाण्यामागे खोल जातात. एवढ्याशा एल्बोवर अख्ख्या वाफ्याचा कारभार चालतो.

अडलं ते तेलापाशी. वाफ्याच्या आधी तेल-गाळ अडवणारं चेंबर आहे. दिवाळीत तळणीचं तेल मोरीत गेलं आणि झाकण उघडल्यावर पिवळट साय दिसली, वास विचारू नका. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तुमचा हा अळूचा वाफा आमचं स्वयंपाकघर बघायला निघालाय!" पण कढई आधी कागदाने पुसायला त्यांनीच सगळ्यांना लावलं. चेंबर उपसायची पाळी आता घराघरांत फिरते. वॉशिंग मशीनच्या नळीला जाळीची पिशवी बांधलीय, नाहीतर कपड्यांचे धागे खडीत अडकतात.

बाहेर येणारं पाणी नितळ असतं, वास नाही. तरी त्यात जंतू राहतात, म्हणून ते पाइपने चिकू-नारळाच्या आळ्यात सोडतो, कोथिंबिरीवर फवारत नाही. थंडीत पाणकणीस वाळलं, ते कापून काढलं. पाणी शिरतं तिथली खडी काही वर्षांनी उपसून पुन्हा धुवावी लागेल. तो खर्च देखभालीच्या रकमेत धरायचा की वेगळी वर्गणी काढायची, यावर पुढच्या मीटिंगमध्ये भांडण ठरलेलं आहे.