दहीहांड्याचं मीठ: सत्याग्रहांच्या नकाशातली नवी नोंद

विदर्भात स्वातंत्र्यलढ्यातले सत्याग्रह आणि उठाव कुठे कुठे झाले त्याचा नकाशा आपण करतो आहोत, गावागणिक एक पान. त्यातलं दहीहांड्याचं पान एकदाचं भरलं. पुसद, लोहारा, बेनोडा, आष्टी, चिमूर यांच्या नोंदी आपल्या नकाशात बऱ्यापैकी झाल्या होत्या. अकोला जिल्ह्यातल्या या गावापुढे मात्र नुसती तारीख होती, १३ एप्रिल १९३०. दांडीला मीठ उचललं गेलं ६ एप्रिलला. ६ ते १३ एप्रिल हा तेव्हा राष्ट्रीय सप्ताह म्हणून पाळला जाई आणि त्याचा शेवटचा दिवस जालियनवाला बागेचा. त्याच दिवशी वऱ्हाडानं मिठाचा कायदा मोडला. या भागात लढ्याच्या पुढे वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी अशी माणसं होती.

समुद्र कुठे नि अकोला कुठे! पण पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर खोदली की खारंच पाणी लागतं. दहीहांड्यात त्याच पाण्याचं मीठ केलं गेलं. हे वाचून मान डोलावणं सोपं आहे. मला ते हातानं करून पाहायचं होतं, म्हणून यंदाच्या एप्रिलमध्ये पट्ट्यातल्या एका ओळखीच्या घरून पाणी घेतलं आणि त्यांच्याच अंगणात चूल मांडली.

घरची आजी पायरीवर बसून पाहत होती. म्हणाली, "या पान्यात दाय शिजत नाई बाप्पा, अन् तू मीठ करून राह्यला!" मग तिनंच सुनेला सांगून मोठी कढई काढून दिली.

पाणी आधी धोतराच्या फडक्यातून गाळलं. दोन घागरी पाणी, साधारण वीस लिटर. पहिल्या काही तासांत कढईच्या कडेला पांढरी खरपुडी धरते. ते मीठ नव्हे, तो चुना. पाणी निम्म्याच्या खाली आलं की पुन्हा गाळून घ्यायचं म्हणजे चुना बराचसा मागे राहतो. शेवटचं ओंजळभर पाणी उरलं की जाळ ओढून घ्यायचा. नाहीतर कढई तडतडते आणि सगळं अंगावर उडतं. निखाऱ्यावर ठेवल्यावर हळूहळू तळाला दाणे दिसायला लागतात, रंगाने मळकट, कडेला थोडे पिवळसर. जिभेवर ठेवलं तर आधी चोख खारट, मग मागून कडवट चव येते. ताटलीत काढून ठेवलेलं मीठ संध्याकाळपर्यंत ओलसर झालं, कारण खाऱ्या पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात.

सगळं मिळून मूठ-दीड मूठ भरलं. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात; विहिरीच्या पाण्याला ती सर कुठून येणार? पण मला या प्रयोगातून खरं कळलं ते जळणाचं. तेवढ्या मुठीसाठी पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, भारेच्या भारे गेले. दिवस उजाडल्यापासून उन्हं कलेपर्यंत चुलीपाशी कोणीतरी लागलंच. पाणी शेंदणारा वेगळा, पऱ्हाटी मोडून देणारा वेगळा, कढई ज्या घरची ते घर वेगळं. एप्रिलमध्ये कापूस निघून गेलेला असतो, पऱ्हाट्या उपटून बांधावर पडलेल्या असतात, विहिरींचं पाणी खाली गेलेलं असतं. म्हणजे हंगामही साथीला होता. पण गावानं हात लावल्याशिवाय ही कढई पेटत नाही, आणि सरकारच्या डोळ्यांदेखत कढई देणं म्हणजे त्या दिवसांत खेळ नव्हता. अटक झालेल्यांची नावं कागदावर आली, जळण देणाऱ्यांची नाही आली. माझ्या मते त्यांनाही सत्याग्रहीच म्हटलं पाहिजे.

हे डोक्यात ठेवून जुनी पानं पुन्हा चाळली. पुसदचा जंगल सत्याग्रह १० जुलै १९३० चा, पुढाकार लोकनायक बापूजी अणे यांचा. पावसात मीठ आटवता येत नाही, पण राखीव जंगलात गवत उगवतं. मिठाच्या जागी गवत आलं, कढईच्या जागी विळा. परवान्याशिवाय गवत कापायचं आणि अटक करून घ्यायची. जनावरांच्या चाऱ्यासाठी जंगल खात्याशी रोजचा झगडा असलेल्या शेतकऱ्याला हा कायदा मोडायला कोणी शिकवावं लागत नव्हतं. पुढे २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. हेडगेवारांनीही सत्याग्रह केला. या दोन्ही नोंदींत मी आता 'हंगाम' असा नवा रकाना घातला आहे. तुम्हीही घालून पाहा, बरंच काही उलगडतं.

सगळ्यात जास्त उलगडलं ते १९४२ चं. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर, दोन्हीकडचा उठाव १६ ऑगस्टचा, आणि त्या दिवशी नागपंचमी होती. नागपंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत. ऐन श्रावणातही गडीमाणसं शेतात न जाता गावात असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा मुलूख आधीच तापलेला. चिमूरला गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोर गेला, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि मग फौजेनं गावावर, विशेषतः बायाबापड्यांवर जे केलं ते वाचवत नाही. त्याची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातल्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे झटल्या. चिमूरच्या पानावर मी सगळ्यात जास्त जागा या दोघांना दिली आहे, आणि ती तशीच ठेवणार.

पुढचं काम श्रावणात. नागपंचमीच्या आसपास आष्टीला जाणार आहे.

तोवर तुमच्याकडून एक हवं आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १९७२ च्या सुमारास, विकासगटांच्या मुख्य ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचे दगडी स्तंभ उभे राहिले. बरेच पंचायत समितीच्या आवारात आहेत आणि कित्येकांवर रंगाचे थर चढले आहेत. आपापल्या तालुक्यातल्या स्तंभाचा फोटो सकाळी आठच्या आत काढा. तेव्हा ऊन तिरपं पडतं आणि अक्षराच्या खाचेत सावली धरते. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका, दगड खराब होतो. स्तंभाच्या चारही बाजू घ्या. आणि नाव उतरवून पाठवताना गाव लिहायला विसरू नका. नुसत्या नावावरून नकाशावर टिंब देता येत नाही.