कुंडीतले हेदर आणि आपली कुफिया

स्कॉटलंडची उजाड माळराने ऑगस्टमध्ये जांभळी करून सोडणाऱ्या हेदर या झुडपाची छायाचित्रे पाहून आपल्याही गच्चीवरच्या लांबट कुंडीत तेवढा एक तुकडा असावा, असे बेळगावच्या बागवेड्या माणसाला वाटले तर त्यात नवल नाही. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, पावसाळा गारठ्याचा आणि खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, म्हणजे हेदरला मानवेल अशीच. अथणी-गोकाककडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत मात्र ही हौस मनातही आणू नये.

या झाडाला श्रीमंती सोसत नाही. केसांसारख्या बारीक, उथळ मुळांना एका बुरशीची सोबत असते आणि तिच्याच मदतीने ते निकृष्ट जमिनीतून पोटापुरते मिळवते. कुंडी भरायची म्हणजे शेणखत सढळ हाताने घालायचे, ही आपली रीत त्याच्या जिवावर उठते. बोअरवेलचे जड पाणीही चालत नाही, पागोळ्यांचे साठवून घालावे लागते. तरीही एप्रिल-मे उरतोच. त्या दिवसांत कुंडीच्या कडा तापतात, उथळ मुळे एकदा कोरडी पडली की फांद्या तपकिरी होतात आणि मग कितीही पाणी घातले तरी त्या हिरव्या होत नाहीत. हेदरची भावंडे शोभणाऱ्या एरिकांच्या बहुसंख्य जाती दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातल्या आहेत. पण त्या प्रदेशाच्या नैर्ऋत्य भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर, म्हणजे तिथेही सूर जुळणे कठीणच. (माळाचा जांभळा रंगच पाहायचा असेल, तर भाद्रपदात चोर्ला घाटातल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, सीतेची आसवे ही रानफुले फुललेली असतात, त्यासाठी कुंडीची गरज नाही.)

म्हणून माझे मत सरळ कुफियाला. इंग्रजी मुलुखात मेक्सिकन हेदर म्हणून ओळखले जाणारे हे बुटके झुडूप आपल्या रोपवाटिकांत सहज मिळते. खऱ्या हेदरशी त्याचे रक्ताचे काही नाते नाही. ते मेंदी, डाळिंब आणि तामण यांच्या कुळातले, म्हणजे मेक्सिकोहून आले तरी सोयरे आपल्याच परसातले. बारीक चकाकत्या पानांमध्ये जांभळी, गुलाबी किंवा पांढरी इवली फुले जवळजवळ वर्षभर येत राहतात आणि फुलपाखरेही त्यांवर येतात. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालून पाण्याला वाट ठेवावी, कारण आषाढातल्या झडीत त्याचा खरा शत्रू साचलेले पाणी हाच असतो. पावसाच्या तोंडाला शेंडे खुडले की झुडूप दाट होते आणि तेच कोवळे शेंडे ओल्या तांबड्या मातीत खोचले तर बहुतेक लागतात. शेजारच्या वहिनींची कुंडी त्यातूनच भरते आणि रोपवाटिकेची फेरी वाचते.