टाळ्यांत न सुटलेली लय

शाळेचा बँड म्हटलं की कोल्हापुरात लोकांना १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं मैदान आठवतं. पांढरे बूट, खांद्यावर लाल पट्टा, पुढं काठी फिरवणारा पोरगा. मी फौजेत बँडमध्येच नोकरी केली, पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो, आणि निवृत्त झाल्यावर इथल्या एका शाळेत बँड शिकवायला लागलो. संचलनाचं वाजवणं मला मनापासून आवडतं. पण त्याच वाद्यांवर खुर्चीत बसून, समोर कागद ठेवून, शेजाऱ्याचं ऐकत वाजवायचं संगीत वेगळं असतं. ते शाळकरी पोरांना मिळायलाच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.

म्हणून गेल्या स्नेहसंमेलनासाठी मी गुस्ताव होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराच्या ‘फर्स्ट सूट इन ई फ्लॅट’मधला पहिला भाग, शॅकोन, निवडला. सूट म्हणजे एकापाठोपाठ वाजवायच्या भागांची रचना, आणि शॅकोन म्हणजे एकच धुन पुन्हा पुन्हा फिरवत बांधलेला भाग. होल्स्टनं हा सूट १९०९ साली मिलिटरी बँडसाठी लिहिला. तोवर अशा बँडच्या वाट्याला बहुतेक करून मार्च आणि ऑर्केस्ट्राच्या रचनांची रूपांतरंच यायची. इथं एका चांगल्या संगीतकारानं खास बँडसाठी गंभीरपणे काही लिहिलं होतं. जगभरातले बँड हा सूट अजून वाजवतात.

मुलांना मी आधी माणूस सांगितला, मग संगीत. होल्स्ट लंडनमध्ये मुलींच्या शाळेत संगीत शिकवायचा. उजव्या हाताच्या दुखण्यानं पियानो सुटला, म्हणून ट्रॉम्बोन वाजवून त्यानं पोट भरलं. तो संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांचं स्वतः भाषांतर करून त्यांना चाली लावल्या, आणि हा सूट लिहिला त्याच सुमारास सावित्रीच्या कथेवर एक छोटा ऑपेराही केला. सावित्रीचं नाव निघाल्यावर क्लॅरिनेटच्या मुली ताठ बसल्या. ट्रॉम्बोनच्या पोरांना अर्थातच ट्रॉम्बोनचं कौतुक.

आमचा बँड तिसेक मुलांचा. क्लॅरिनेट, दोन-तीन बासरीवाल्या, आल्टो सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम म्हणजे ट्यूबासारखंच पण लहान पितळी वाद्य, बेस म्हणजे ट्यूबा, आणि ड्रम. बरीचशी वाद्यं मेरठची. ओबो नाही, बासून नाही, फ्रेंच हॉर्न नाही. पण होल्स्टला बँडच्या अडचणी ठाऊक होत्या. कुठल्या पलटणीकडे किती वाजवणारे असतील याचा भरवसा नसायचा, म्हणून त्यानं बरेच पार्ट, म्हणजे एकेका वाद्याच्या ओळी, असले तर वाजवा, नसले तरी चालेल, अशा बेतानं लिहिलेत. हॉर्नची एकट्यानं वाजवायची एक ओळ मात्र सोडून चालण्यासारखी नव्हती. ती मी एक स्वर चढवून आल्टो सॅक्सोफोनला लिहून दिली. ती वाजवणारी मुलगी आठवीतली. सॅक्सोफोन मांडीवर घेतला की अर्धी त्याच्यामागं झाकली जायची.

रचना ऐकायला सोपी वाटते. आठ मापांची एक धुन, दर मापात तीन मात्रा. ती आधी बेस आणि युफोनियम एकटेच वाजवतात, आणि मग तीच धुन पंधरा-सोळा वेळा फिरत राहते. कधी खाली, कधी वर, कधी क्लॅरिनेटच्या पळत्या तानांखाली. मधे एके ठिकाणी धुन चक्क उलटी होते. जिथं चढायचं तिथं उतरते. शेवटाला अख्खा बँड पूर्ण ताकदीनं.

पहिल्याच तालमीला एक पोरगा म्हणाला, “सर, ह्यात अवघड काय हाय? नुसते लांब सूर हायत.”

मी म्हटलं, “वाजव बघू.”

अवघड काय आहे ते मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. संचलनात पाय ठेका सांभाळतात. तीन मात्रांवर चालता येत नाही, त्यामुळं पायांचा आधार जातो आणि मोजणं डोक्यात न्यावं लागतं. लांब सूर काढताना श्वास कुठं घ्यायचा ते ठरवावं लागतं, आणि शेजारच्यानं घेतला त्याच ठिकाणी आपण घ्यायचा नसतो, नाहीतर धुनेला भोक पडतं. क्लॅरिनेटच्या मुलींना ब्रेक ओलांडायचा, म्हणजे जवळजवळ सगळी भोकं उघडी असलेल्या सुरावरून पुढच्याच सुराला सगळी बोटं एकदम दाबून झाकायची. एक बोट जरी अर्धवट पडलं तरी चिरकतं. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे गप्प बसणं. बारा-पंधरा मापं वाद्य मांडीवर ठेवून मोजायची आणि नेमक्या मात्रेला हळू आवाजात शिरायचं. जोरात वाजवणं पोरांना शिकवावं लागत नाही.

स्पर्धांमधून मी अनेक शाळांचे बँड ऐकतो. कठीण म्हणून जे निवडतात ते बहुतेक वेळा वेगवान आणि उंच असतं, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकाच जोरात वाजतं. पोरांच्या ओठांची सालं निघतात, पण कान तिथंच राहतात. आधी कान तयार करावेत. मी तरी निवड करताना हेच बघतो.

आमचा युफोनियमवाला नववीतला. त्याच्या घरी बँड कंपनी आहे, वडील लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट वाजवतात. पोराचा कान असा की एकदा ऐकलेली चाल लगेच वाद्यावर. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर ठिपक्यांनी लिहिलेलं संगीत, मात्र त्याला नको असायचं. नोटेशन बाजूला ठेवून मी सगळ्यांना धुन आधी गायला लावली. ई फ्लॅटला सा धरला की सुरुवातीचे तीन सूर येतात सा, रे आणि तिथून थेट वरचा ध. क्लॅरिनेटमधली एक मुलगी देवल क्लबात, म्हणजे इथल्या जुन्या गायन संस्थेत, गाणं शिकते. तिनं रे-ध ची ती उडी गळ्यातून इतकी स्वच्छ घेऊन दाखवली की युफोनियमवाला म्हणाला, “सर, आता कळलं कुठं जायचंय ते.” मग ते ठिपके वाचायला त्याला जड गेलं नाही, कारण ठिपक्यांत काय आहे ते त्याच्या कानात आधीच बसलं होतं. अल्लादियाँ खाँसाहेबांनी ज्या गावात वर्षानुवर्षं गाणं केलं, त्या गावातल्या पोरांना सुरापासून लांब ठेवून नुसतं बोटांचं शिकवायचं, हे मला पटत नाही.

तालमीत माझी एक पद्धत आहे. धुन जरा बसली की मी बॅटन, म्हणजे ताल दाखवायची काठी, खाली ठेवतो आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला जाऊन उभा राहतो. त्यांनी माझ्याकडं न बघता वाजवायचं. सुरुवातीला दोन ओळींत सगळं विस्कटायचं. पुढं पुढं मुलं बेसकडं कान लावायला शिकली.

कार्यक्रमाच्या आठवड्यात संस्थेतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तालीम ऐकली. माणूस जिव्हाळ्याचा. म्हणाले, “गुरुजी, झकास आहे. पण मधला तो मंद भाग तेवढा काढा. पालकांना वाटेल पोरं विसरली. आणि शेवटी एखादं सिनेमातलं गाणं घ्या की.” सिनेमातलं गाणं मी आनंदानं घेतलं. मधला भाग काढला नाही. तो काढला तर उलटी झालेली धुन जाते, आणि शेवटचा जोर नुसता आवाज होऊन राहतो. त्यांना मी तसं समजावून सांगितलं. ते “बघा बुवा” म्हणाले आणि गेले.

कार्यक्रम दसरा चौकात, शाहू स्मारक भवनात. डिसेंबरची सकाळ होती. बाहेर गारठ्यात उभं राहून पितळेची वाद्यं सुरात उतरली होती, आत माणसांच्या गर्दीनं आणि दिव्यांनी चढणार होती. हवा तापली की सूर चढतो, त्याला कुणाचा इलाज नाही. म्हणून मी मुलांना पडद्यामागं बराच वेळ वाद्यांत नुसता ऊन श्वास फुंकायला लावला आणि मग सूर मिळवला.

पडदा उघडला. बेस आणि युफोनियमनं धुन धरली. सभागृहात मुलांची धावपळ, मागं कुणीतरी फोनवर बोलतंय. हळूहळू वाद्यं वाढत गेली तसं ते थांबलं. क्लॅरिनेटच्या ताना नीट पळाल्या, एकही चिरकलं नाही. ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेटनं जोर धरला, आणि मग तो जोर एकदम ओसरला. मंद भाग आला.

त्या क्षणी सभागृहानं टाळ्या सुरू केल्या.

कार्यक्रम संपला असं त्यांना वाटलं, यात त्यांचा काही दोष नाही. पहिल्या रांगेनं सुरू केल्या, बाल्कनीनं उचलून धरल्या, शिट्ट्याही आल्या. निवेदन करणाऱ्या बाई माईक घेऊन विंगेतून दोन पावलं पुढं आल्या. आणि नेमका तिथंच आमच्या सॅक्सोफोनवालीचा एकटीचा प्रवेश होता. तिला साथीचे सूर ऐकू येणं शक्य नव्हतं. मलाच येत नव्हते.

मी सभागृहाकडं वळलो नाही, हात वर करून कुणाला थांबवलं नाही. बॅटन होतं तसं चालू ठेवलं. पण ती मुलगी माझ्याकडं बघतच नव्हती. तिचे डोळे कागदावर होते आणि ओठ हलत होते. एक-दोन-तीन, दोन-दोन-तीन, तीन-दोन-तीन. ज्यांना विश्रांती होती ते सगळेच तसे ओठ हलवत बसले होते. ट्रम्पेटवाल्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली होती आणि त्यांच्या टाचा एकसारख्या उचलत होत्या. तिसांतल्या एकालाही टाळ्यांमुळं थांबावंसं वाटलं नव्हतं.

तिनं श्वास घेतला आणि नेमक्या मात्रेला शिरली. पहिले सूर टाळ्यांत बुडाले. तिनं जोर केला नाही, कागदावर हळू लिहिलं होतं तसं हळूच वाजवलं. पुढच्या रांगेतल्या लोकांना पोरगी वाजवतेय हे दिसलं. ते थांबले, त्यांच्या मागचे थांबले, आणि मोकळ्या झालेल्या शांततेत तिची ओळ मध्यावर होती, लयीत, सुरात. बाई माईक घेऊन मागं सरकल्या. उलटी धुन सबंध सभागृहानं ऐकली.

तिथून शेवटापर्यंत बँड चढत गेला तो बघायला मला दहा डोळे हवे होते. बेसनं असा पाया धरला की वरच्या वाद्यांना ओरडावंच लागलं नाही. शेवटचा सूर मी नेहमीपेक्षा जास्त ताणला, कारण तो सुरात होता.

ते वडीलधारे गृहस्थ खाली उतरल्यावर भेटले आणि सॅक्सोफोनवालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “मधला भाग ठेवला ते बरं केलंत.” पण मला ज्यांचं मत हवं होतं ते मागं दाराशी उभे होते. युफोनियमवाल्याचे वडील. लग्नाची तीथ होती, संध्याकाळची वरात होती, ते अंगात बँडचा कोट घालूनच आले होते. म्हणाले, “मास्तर, वरातीत आमच्याभोवती रोज दंगा असतोय. त्यात लय सांभाळायला आमची उमर गेली. ह्या पोरांनी टाळ्यांत मात्रा सोडली न्हाई. कसं शिकवलं?”

मी त्यांना मागच्या भिंतीची गोष्ट सांगितली. त्यांनी बेसच्या पार्टची झेरॉक्स मागितली. त्यांच्या कंपनीतला बेसवाला वाचत नाही, पण पोरगं त्याला शिकवील म्हणाले. मी तिथल्या तिथं काढून दिली. होल्स्ट १९३४ साली वारला, त्याच्या रचनेचा कॉपीराइट आपल्याकडं कधीच संपलाय, त्यामुळं हे कागद वाटायला अडचण नाही.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तालमीला मुलांनी विचारलं, पुढचे दोन भाग कधी. प्रश्न रास्त होता. तिन्ही भाग एकाच सुरावटीतून निघालेत, म्हणून सूट मधे न थांबता सलग वाजवावा, असं होल्स्टनंच हस्तलिखितावर लिहून ठेवलंय. दुसरा भाग, इंटरमेझो, बोटांना पहिल्यापेक्षा चपळ आहे. क्लॅरिनेटचे पार्ट लिहून झालेत, ट्रम्पेटचे चालू आहेत. ओबोची ओळ बासरीला द्यायची की देवल क्लबातल्या त्या मुलीच्या क्लॅरिनेटला, हे दोघींकडून वाजवून घेऊन ठरवणार आहे.