पाऊणकी आणि पेनसिल्व्हेनियाची फाईल

पिट्सबर्गला आमचा, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या सहा-सात घरांचा, होमस्कूल ग्रुप आहे आणि त्यातलं फील्ड ट्रिपचं खातं कसं कोण जाणे माझ्या गळ्यात पडलंय. म्युझियमला दोन महिने आधी मेल टाका, ग्रुप रेटसाठी डोकी जमवा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ते विचारा, आणि पैसे आधीच घ्या, नाहीतर आदल्या रात्री दोन घरं गळतात आणि भुर्दंड आपल्याला. आता हात बसलाय. त्यामुळे या डिसेंबरात पाच आठवडे कोकणात पूर्णगडच्या खाडीजवळ सासरी यायचं ठरलं तेव्हा मी इथल्या ट्रिपांचं पण एक्सेल करून आणलं होतं, तास वगैरे पाडून!

आल्याआल्या सासूबाईंचा पहिला प्रश्न, "शाळा बुडवून आणलंस पोरांना?" म्हटलं आई, बुडवायला शाळा असायला नको का. अमेरिकेत 1993 पासून सगळ्या 50 राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, पण नियम ज्या त्या राज्याचे. आमचं पेनसिल्व्हेनिया त्यातलं कडक. वर्षाला 180 दिवस किंवा प्राथमिकला 900 तास भरावे लागतात, काय शिकलं त्याची नोंद आणि नमुने फाईलला लावायचे, मग वर्षअखेरीस एक पात्र शिक्षक फाईल बघून मुलांशी बोलतात. तर आमची फाईल बॅगेतून कोकणात आलेली.

पहिली ट्रिप खडकातल्या डबक्यांची, खेकडे, शिंपले, कालवं बघायची. सोबत पुण्याहून येऊन पावस गावी राहणारं एक कुटुंब होतं, तेही होमस्कूलवाले, त्यांची मुलगी पुढे एनआयओएस या सरकारी मुक्त शाळेतून दहावीला बसणार आहे. सकाळी 9 ला सगळे किनाऱ्यावर हजर, पोरांच्या हातात बादल्या, भिंगं, वह्या, आणि खडकांचा पत्ताच नाही, सगळे पाण्याखाली. दोन घरं, पाच मुलं आणि माझं एक्सेल नुसतं लाटा बघत उभं.

शेजारचे भाऊकाका जाळं खांद्यावर टाकून चालले होते. "आज तिथी काय गो?" मला कुठली तिथी माहीत. "अगो एकादशी. तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती. अकराची पाऊणपट सव्वाआठ. आत्ताशी कुठे पाणी उतरायला लागलंय, ओहोटी बघायची तर सव्वादोनला ये. आणि आतपर्यंत जायचं असेल तर पुनवेलाच ये, तेव्हा उधाण असतं, पाणी चढतं पण जास्त आणि उतरतं पण जास्त." मग वाळूतच बसून त्यांनी पोरांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणून दाखवली, त्यांच्या शाळेत पावकी-निमकीबरोबर घोकून घेतलेली. माझ्या दहा वर्षांच्या पोराला थ्री-फोर्थ्स म्हणजे पिझ्झा, त्याने घड्याळ येतं हे त्याला नवीनच!

पण खरी मजा रात्री. तो वही घेऊन आला, म्हणे काकांचं गणित थोडं चुकतंय. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही तेवढीच मागे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, मग 15 दिवसांत तासाभराचा फरक पडायला हवा. दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं तर ते हसले, "होडी काय मिनिटावर सुटते काय?" आणि वद्य पक्षात परत एकपासून मोजलं तरी कसं जमतं, यावर आमचे दोन दिवस गेले. (भरती दिवसातून दोनदा येते, पंधरा दिवसांत ती बारा तास सरकते, म्हणजे घड्याळ पुन्हा तिथेच. हे मला स्वतःला चाळिशीत कळलं, सांगायला लाज कसली.)

पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या सुमारास गेलो. पाणी पार आत, बायका कोयतीने खडकावरची कालवं काढत होत्या आणि त्यातल्या एका काकूंनी मुलीला कालव उघडून दाखवलं. तिकीट नाही, गाईड नाही, वेव्हर फॉर्म नाही, पोरं अंधार पडेपर्यंत हलेनात.

कशेळीचं कातळशिल्प पण बघितलं. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला साधारण 18 मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या पोटात इतर प्राणी, युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 मध्ये आलेल्या कोकणच्या कातळशिल्पांपैकी. सकाळी लवकर जा, तिरक्या उन्हात रेषा उठून दिसतात आणि दुपारी कातळ पाय भाजतो. कासवांची पिल्लं मात्र हुकली, ती फेब्रुवारीनंतर, आम्ही जानेवारीतच परतलो.

आता फाईल भरतेय. पाऊणकीचा दिवस गणितात टाकू की विज्ञानात की भूगोलात, शेवटी तिन्हींत टाकला. पोरगा विचारतो, शिक्षक म्हणून भाऊकाकांचं नाव लिहायचं का, पण फॉर्मवर तसा रकानाच नाही. पुढच्या वर्षी ग्रुपमधली दोन मराठी घरं आमच्यासोबत यायचं म्हणतायत, त्यांना काल मेल टाकला की विमानाचं तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा.