जुन्या होंडा सिटीचा फॉल्ट कोड स्कॅनरशिवाय वाचताना

माझ्या १९९९ च्या होंडा सिटीला १६ पिनांचा ओबीडी पोर्ट (बिघाड वाचणारा स्कॅनर जोडायची जागा) नाही, त्यामुळे हल्लीचे ब्लूटूथ स्कॅनर तिच्या कामाचे नाहीत. भारतात ओबीडी-टू, म्हणजे अशा पोर्टची पद्धत, सक्तीची झाली तेच २०१३ मध्ये. या गाडीत चेक इंजिनचा दिवाच लुकलुकून बिघाडाचा कोड सांगतो.

आधी दिवा चालू आहे का ते बघायचं. चावी ऑन केली की तो दोनेक सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही तर बल्ब गेलाय, नाहीतर विकणाऱ्याने काढून ठेवलाय.

मग चावी बंद करून डावीकडे ग्लोव्ह बॉक्सखाली चाचपडायचं. कशालाच न जोडलेला दोन पिनांचा निळा कनेक्टर हाताला लागतो. तीन पिनांचाही एक असतो, त्याच्या वाटेला जायचं नाही. निळ्याच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि चावी ऑन करायची. सेल्फ मारायचा नाही. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब, चार छोट्या म्हणजे १४, आयडल व्हॉल्व्ह (गाडी उभी असताना इंजिनचा वेग सांभाळणारा). बाकीचे सेन्सरचे: ७ थ्रॉटल पोझिशन (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेची स्थिती), १० आत येणाऱ्या हवेचं तापमान, ६ कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान. कोड फिरून फिरून येतात. लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या फेरीशी ताडून बघायचे.

मला ६ मिळाला. सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नव्हती, ॲव्हरेजही पडलं होतं. असा कोड दिसला की बरेच जण थेट नवा सेन्सर आणतात. पण ६ म्हणजे सेन्सर खराब असं नाही, त्या सर्किटचं व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलंय एवढंच. दोष वायरीत किंवा कनेक्टरमध्येही असू शकतो.

इंजिनवर दोन वायरींचा सेन्सर शोधायचा. एका वायरीचा असतो तो डॅशबोर्डवरच्या काट्याचा, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) त्याच्याशी संबंध नाही. म्हणूनच काटा बरोबर दाखवत असतानाही ६ येतो. कनेक्टर काढून, चावी ऑन ठेवून वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण ५ व्होल्ट हवेत. तिथे शून्य, पण एक पिन आणि बॉडी यांच्यात ५ आले, तर अर्थची वायर तुटलेली. व्होल्टेज ठीक असेल तर सेन्सरचा रेझिस्टन्स बघायचा: थंड इंजिनला दोन-तीन किलोओहम, गरम झाल्यावर २०० ते ४०० ओहम.

इथे दोन्ही आकडे बरोबर आले. कनेक्टर उलटा धरून टॉर्च मारला तर एका पिनेवर हिरवट गंज, आणि तिची पकडही सैल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने घासून, सुईने पिन किंचित आवळली.

कोड पुसायला चावी बंद करून निळ्या कनेक्टरमधली वायर आधी काढायची. ती तशीच राहिली तर दिवा विझत नाही आणि माणूस उगाच दुसरा फॉल्ट शोधत बसतो. मग बोनेटखालच्या फ्यूजबॉक्समधला ७.५ अँपिअरचा बॅक-अप फ्यूज दहा सेकंद काढून परत लावायचा. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुन्हा लावावी लागतात. नंतर गाडी पूर्ण गरम होईपर्यंत फिरवायची आणि इंजिन चालू असताना सेन्सरची वायर हाताने हलवून बघायची. तेवढ्याने दिवा परत लागला, तर तार आतून तुटलेली आहे.