सरकारी पैसा आणि आकाशातील स्पर्धा

मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे अमेरिकेला जाणारे तिकीट काढताना त्या भाड्यामागे कोणाचा पैसा आहे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. २०१५ साली डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या अमेरिकी विमान कंपन्यांनी आरोप केला की, एमिरेट्स, एतिहाद आणि कतार एअरवेज या आखाती कंपन्यांना त्यांच्या सरकारांकडून सुमारे दशकभरात ४,२०० कोटी डॉलरहून अधिक मदत मिळाली. आखाती कंपन्यांनी तो फेटाळला. वादाचा गाभा असा की, परतफेडीची अट नसलेले सरकारी कर्ज हे अनुदान मानायचे, की मालकाने आपल्याच कंपनीत घातलेले भांडवल? माझ्या मते, कोणताही खासगी गुंतवणूकदार ज्या अटींवर पैसे देणार नाही, त्या अटींवर दिलेला पैसा अनुदानच ठरतो.

अर्थात, हीच कसोटी अमेरिकेलाही लावली पाहिजे, कारण सप्टेंबर २००१ नंतर तिथल्या सरकारनेही विमान कंपन्यांना ५०० कोटी डॉलर रोख आणि १,००० कोटींपर्यंतच्या कर्जहमीची तरतूद दिली होती. २०१८ मध्ये कतार आणि संयुक्त अरब अमिराती यांच्याशी झालेल्या समझोत्यांत कंपन्यांनी लेखापरीक्षित हिशेब प्रसिद्ध करावेत यावर भर होता. मला तो मार्ग योग्य, पण अपुरा वाटतो. २०२० मध्ये लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीला सरकारी मदत मंजूर करताना युरोपीय आयोगाने फ्रँकफर्ट आणि म्युनिक येथील उड्डाण-वेळा प्रतिस्पर्ध्यांसाठी सोडण्याची अट घातली. पुढे २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ती मंजुरीच रद्द केली. मदतीबरोबर अशी अट आणि तिच्यावर न्यायालयाची नजर, ही व्यवस्था आंतरराष्ट्रीय हवाई करारांत सहसा दिसत नाही.