शेपफाइल टूल: सहायकाने अखेर अंदाज न बांधता विचारलं

नकाशाच्या फाइलींची माहिती एआय सहायकाला देणारं एक टूल मी लिहितोय. काल रात्री टूलने पहिल्यांदा हवं ते केलं. ठाण्यातल्या उपवन तलावाची शेपफाइल (नकाशावरच्या आकृत्या साठवणारी फाइल) दिली, क्षेत्रफळ विचारलं, आणि एआय सहायकाने आकडा सांगण्याऐवजी उलट प्रश्न केला: "या फाइलसोबत सीआरएसची माहिती नाही. ती कोणत्या सीआरएसमध्ये आखली आहे?" सीआरएस म्हणजे फाइलमधले आकडे पृथ्वीवर कुठे आणि कोणत्या एककात धरायचे ते सांगणारी निर्देशांक पद्धत. त्या एका प्रश्नासाठी कितीतरी शनिवार-रविवार घातलेत. फार बरं वाटलं.

सांगाडा मागच्या नोंदीतलाच: पायथन, अशा फाइली वाचणारी पायओग्रिओ ही लायब्ररी आणि वर एमसीपी सर्व्हर (सहायकाला टूल जोडून देणारा दुवा). पायओग्रिओबद्दलचं माझं मत आणखी पक्कं झालंय. पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) टाकलं की जीडॅल, म्हणजे नकाशाच्या फाइली हाताळणारी मूळ लायब्ररी, सोबतच येतं, आणि रीड-इन्फो हे फंक्शन एका हाकेत कॉलम, एन्कोडिंग, भूमितीचा प्रकार, सीआरएस सगळं हातात देतं. सध्या काम चाललंय ते डॉक्युमेंटेशनचं, आणि घोडं अडलं होतं ते तिथेच.

ऐरोलीचा मित्र ठाण्यातले तलाव क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आखतो आणि फाइली व्हॉट्सॲपवर पाठवतो. शेपफाइल म्हणजे खरं तर काही फाइलींचा संच. त्यातल्या एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ (माहितीचा तक्ता) येतात, सीआरएस सांगणारी पीआरजे मागेच राहते. अशा फाइली आपल्या सगळ्यांच्याच फोल्डरांत पडून आहेत. टूल सीआरएसपुढे 'नल' (म्हणजे रिकामं) देतं, आणि सहायक ती रिकामी जागा स्वतःच भरून टाकतो. निर्देशांक अंशांत असतील तर उत्तर चौरस अंशांत येतं आणि गडबड लगेच दिसते. मोठे आकडे दिसले की तो ते मीटर धरून सरळ हेक्टर काढतो. फाइल यूटीएमची (पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये मोजणारी सीआरएस) असेल तर ठीक. वेब मर्केटरची (ऑनलाइन नकाशांची सीआरएस) असेल तर ठाण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ १२ टक्क्यांहून जास्त फुगतं, आणि आकडा इतका पटण्यासारखा असतो की कुणाला शंकाही येत नाही. तलावावर अतिक्रमण झालं की नाही, हे अशा आकड्यांवरून ठरवायला निघालेली माणसं आहेत. म्हणून मी हे सोडायला तयार नव्हतो.

रीडमीमध्ये (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) कितीही तळमळीने लिहिलं तरी ते सहायकापर्यंत पोचत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि इनपुटचा स्कीमा (टूलला काय द्यायचं त्याचा साचा). डिस्क्रिप्शनमध्ये 'सीआरएस नसेल तर अंदाज बांधू नये' हे वाक्य घातल्यावर फरक पडला, पण संभाषण लांबलं की त्याचा जोर ओसरायचा. शेवटी चाललं ते असं: सूचना थेट निकालातच, नलच्या शेजारी. आता सीआरएस नसेल तेव्हा टूल एकक 'अज्ञात' देतं आणि त्याच जागी लिहितं, 'क्षेत्रफळ व अंतर काढू नये, वापरकर्त्याला सीआरएस विचारावी.' ज्या क्षणी चूक होणार, नेमकं तेव्हाच ते वाक्य समोर असतं. माझ्या मते अशा टूलचं खरं डॉक्युमेंटेशन म्हणजे त्याने परत दिलेला निकालच. फंक्शन काय करतं यापेक्षा त्याच्या उत्तरावरून काय समजू नये, हे लिहायला जास्त जागा द्यावी लागते.

सीमाचौकटीचंही (आकृतीला वेढणाऱ्या आयताचंही) तसंच. चार आकड्यांची नुसती यादी दिली की अक्षांश कुठला आणि रेखांश कुठला यात घोळ व्हायचा. उलटं वाचलं तर १९.२ उत्तर, ७२.९७ पूर्व हे ठाणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. आता 'पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर' अशी नावं दिलीत. तेव्हापासून एकदाही उलटं झालेलं नाही.

डीबीएफमधल्या कॉलमच्या नावांबद्दल थोडक्यात: 'ठाणे' यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये १२ बाइट घेतं, आणि कॉलमच्या नावाला जागा १० बाइटची. त्यामुळे 'लोकसंख्या'मधलं फक्त 'लोक' उरतं. कॉलमची नावं कापलेली असू शकतात, हेही आता निकालात येतं. मित्राला मी शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा फाइलप्रकार वापर म्हणून मागे लागलोय. एकच फाइल, सीआरएस आतच, कॉलमची नावं पूर्ण.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. टूलने नुसतं 'माहीत नाही' म्हणण्याऐवजी शक्यता सुचवाव्यात. ठाण्याचा एक्स (पूर्व-पश्चिम आकडा) यूटीएमच्या झोन ४३ मध्ये २ लाख ८७ हजारांच्या आसपास, वेब मर्केटरमध्ये ८१ लाख २३ हजारांच्या आसपास. वायवर (उत्तर-दक्षिण आकड्यावर) भरवसा नको, तो एकीकडे २१ लाख २४ हजार आणि दुसरीकडे २१ लाख ७८ हजार, म्हणजे जवळजवळ सारखाच. पण एक्सही पुरेसा नाही. यूटीएमचे आकडे प्रत्येक झोनमध्ये पुन्हा येतात, आणि तीच जोडी झोन ४४ मध्ये टाकली तर तलाव तेलंगणात, आदिलाबादच्या आग्नेयेला निघतो. तेव्हा सीआरएसचा रकाना रिकामाच राहील, शक्यता वेगळ्या रकान्यात जातील, आणि प्रत्येकीसोबत 'मग ही जागा नकाशावर इथे येते' असं एक वाक्य. हेक्टर बघून चूक कळत नाही, पण 'तलाव तेलंगणात' वाचल्यावर कुणालाही कळेल.

त्यामुळे रास्टरचा (चौकोनी ठिपक्यांत माहिती साठवणाऱ्या नकाशांचा) भाग पुढे ढकलतोय. तिथेही असाच एक नल वाट बघतोय: येऊरच्या एसआरटीएम (अंतराळातून रडारने मोजलेल्या) उंचीत जिथे माहिती नाही तिथे -३२७६८ आहे, आणि किमान उंची विचारली की सहायक तोच आकडा मीटरमध्ये सांगतो.